कपाळ, नाक, ओठ

आयरिस हा शब्द मला माहीत होता
तो डोळ्यातला.
बाहुलीभोवतीचं रंगीत कडं.
एकोणतीस वर्षं नेत्रविभाग, वॉर्ड नंबर नऊ.
ट्रेमध्ये आधी काय, मग काय, झोपेतही सांगेन.
आयरिस नावाचं फूल असतं
हे निवृत्तीनंतर कळलं, भांडुपच्या नर्सरीत,
आणि मी हसले तेव्हा त्या पोऱ्याला वाटलं
किंमत जास्त सांगितली.
दहा रुपये त्यानं आपणहून कमी केले.

आता पंपरूम आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये
दीड हाताचा पट्टा आहे, तो माझा.
सोसायटीच्या कुठल्याच कागदावर असं लिहिलेलं नाही.
सातला टँकर आला की पाइपाच्या सांध्यातून जे गळतं
ते पाणी त्यांचं.
फूल एका दिवसाचं:
बाहेर तीन पांढऱ्या पाकळ्या, आत तीन निळ्या, मुडपलेल्या,
घशाशी तपकिरी पट्टे.
सकाळी उघडतं,
दिवेलागणीला ओला कागद चुरगळावा तसं
स्वतःतच गोळा होतं.
सेक्रेटरी धामणसकर म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं?"
मी म्हटलं, "हो."

मे संपत आला. बहर सरला.
दांडे उरलेत, पानांसारखेच चपटे,
पानांत उभे राहिले की ओळखू येत नाहीत.
दिसला की छाटला, असं करायचं नसतं.
दांडा रिकामा वाटतो
आणि आवरणाच्या आत एखादी कळी दबा धरून असते.
म्हणून आधी बोट.

डॉक्टर खानझोडे मिटल्या पापणीवर
दोन तर्जन्या ठेवून डोळ्यातला ताण बघायचे,
यंत्र बिघडलेलं असलं की.
यंत्र बिघडलेलंच असायचं.
"बघा सिस्टर, कपाळ, नाकाचा शेंडा, की ओठ?"
कपाळ म्हणजे धोका.
ओठ म्हणजे बरं.
इथे ओठ लागला तर कापते.
नाक लागलं तर दोन दिवस थांबते.
कपाळ अजून लागलेलं नाही.

कात्री टाके काढायची, टोकाशी वाकडी.
निरोपाला शाल दिली, नारळ दिला.
कात्री मी घेतली.
अजून स्पिरिटनं पुसते.
वॉचमन म्हणतो, झाडाला काय कळतंय.
मला कळतं ना.

काचबिंदूत पाणी तुंबलं की
आयरिसच्या कडेची एक चिमूट कापायचे,
तिळाएवढी खिडकी,
तेवढ्यावर डोळा वाचायचा.
वेसाव्याच्या हरकूबाई टपकेची पट्टी मी सोडली.
पाणी पुसलं, प्रकाश सोसू दिला.
बाई बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
"सिस्टर, तुजे टोपीवर हलदीचा डाग हाय."
सगळा वॉर्ड हसला.
रात्री टोपी तीनदा धुतली.
डाग कधीपासून होता कोण जाणे.
दिसणाऱ्यांपैकी कुणी बोललं नव्हतं.

असो.
खाली, अगदी बुडाशी, तिरकं कापायचं,
खुंट ठेवायचा नाही, पाणी साचून कुजतो,
कूज मुळात उतरते.
एक. दोन. चार झाले. सहावा चिवट निघाला.
अकरा दांडे जुन्या बँडेजनं बांधून
पंपरूमच्या पायरीवर ठेवले.

बारावा आडवा पडला होता,
भिंतीच्या पाणी जाण्याच्या भोकाकडे.
धरला, ओढला. येईना.
गुडघे टेकून, गाल फरशीला लावून पाहिलं:
दांड्याच्या टोकाशी, फूल जिथे गळालं तिथे,
चार बोटांची हिरवी पालवी,
आणि तिनं मुळं टाकलीत
भिंतीपलीकडे, बंद गॅरेजच्या काळ्या तेलकट मातीत.
तिकडची हद्द आपली नाही,
धामणसकर म्हणतीलच.

दांड्यावर बोट ठेवलं.
कपाळ नाही, नाक नाही, ओठ नाही.
यातलं मला कुणी शिकवलेलं नाही.

गुडघा धरून उठले.
कात्री पुसली, स्पिरिटनं, दोन्ही पाती,
आणि दांडा तसाच
भोकातून गेलेला.